नमुन्याची तक्रार

आमराई कॉलनीत पाणी सोडायचं काम सुग्रीवमामा अकरा वर्षं करत होते. अंबाजोगाईच्या बाहेरच्या अंगाला जुनी आमराई तोडून प्लॉट पाडले, त्यातून ही कॉलनी उभी राहिली. एकशे बारा घरं, सहा गल्ल्या, दोन बोअर आणि एक उंच टाकी. शहराचा नळ तिथवर आलेला नव्हता, त्यामुळे सगळी भिस्त त्या टाकीवर. रोज सकाळी दोन गल्ल्या, अशी पाळी ठरलेली.

मामा पंचावन्नच्या पुढचे, उंच, वाळकुडे. पांढरा पायजमा, डोक्याला टोपी आणि खांद्यावर लोखंडाची लांब चावी. सायकलवरून यायचे, गल्लीच्या तोंडाशी घंटी तीनदा वाजवायचे, मग खड्ड्याचं झाकण उचलून वाकून त्या चावीनं पाण्याचा वॉल फिरवायचे. पाइपावर तळवा टेकवला की आत हवा आहे का पाणी, ते त्यांना कळायचं. तिसऱ्या गल्लीतल्या विजयमालाबाईंचे यजमान अंथरुणाला खिळलेले, म्हणून त्यांची टाकी आधी भरेल असं ते बघायचे. कुणी कितीही आग्रह केला तरी चहा घ्यायचे नाहीत. "एका घरचा पेलो तर एकशे बारा घरचा पेवा लागंल," म्हणायचे आणि हसायचे.

मी चौथ्या गल्लीत वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायची. आमचं गाव धारूरच्या डोंगराखाली. वडील, म्हणजे आमचे आबा, मेंढरं राखतात. कॉम्प्युटरचा कोर्स करायला मी अंबाजोगाईला आले आणि तिथंच राहिले. वरच्या मजल्यावर पाण्याला जोर नसायचा. पहिल्याच महिन्यात मी रिकामी बादली घेऊन जिन्यात उभी होते, तेव्हा मामांनी खालून विचारलं, "कुणाची गं तू?"

"हरिबाची. धारूरकडची. मेंढरं असतेत आमची."

"मंग आपलीच की."

त्या दिवसापासून आमच्या पाळीला ते खालच्या बाजूचा वॉल दहा मिनिटं अर्धा बंद ठेवायचे. तेवढ्यात माझा ड्रम भरायचा. मी कधी सांगितलं नव्हतं, त्यांनीही कधी बोलून दाखवलं नाही.

मी वेबसाइटची डिझाइनं करते. शिकवणीचे क्लास, सोनाराची दुकानं, मंगल कार्यालयं, असं काम मिळायचं. गेल्या वर्षी कॉलनीच्या कमिटीचे अध्यक्ष अर्जुनराव यांनी मला बोलावून घेतलं. घाटनांदूरकडे त्यांची मोठी बागायत आहे, राजकारणात उठबस आहे, कॉलनीत सगळे त्यांना आण्णा म्हणतात. त्यांचा पुतण्या पुण्याला राहतो. त्याच्या सोसायटीचं सगळं ऑनलाइन चालतं हे आण्णा बघून आले होते.

"आपल्या कॉलनीचं भी तसं झालं पायजे," ते म्हणाले. "लोकानं घरी बसून तक्रार करावी, आन कमिटीनं घरी बसून बघावी. जमंल का तुला?"

"जमंल आण्णा," मी म्हणाले.

जमेल की नाही ते मला खरं म्हणजे माहीत नव्हतं. एवढं मोठं काम मी कधी केलेलं नव्हतं. पण महिनाभर मी दुसरं काही केलं नाही. पाण्याची पाळी कोणत्या वारी कोणत्या गल्लीला, हे एका नजरेत दिसावं म्हणून सहा गल्ल्यांना सहा रंग दिले. म्हाताऱ्या माणसांना वाचता यावं म्हणून अक्षरं मोठी ठेवली. सूचना, रहिवाशांची यादी, तक्रारी असे भाग केले. तक्रार करणाऱ्याचं नाव कुणाला दिसू नये, म्हणजे लोक मोकळेपणानं बोलतील, ही कल्पना माझीच. प्रत्येक तक्रारीखाली 'मलाही' असं बटण ठेवलं. तोच त्रास दुसऱ्यालाही असेल तर त्यानं ते दाबायचं, शेजारी आकडा वाढत जायचा. ज्या तक्रारीचा आकडा सगळ्यात मोठा, ती आपोआप पहिल्या पानावर लाल चौकटीत यायची. कमिटीनं दखल घेतली की तिथंच हिरवी पट्टी: 'कारवाई झाली'. त्या बटणाचा मला फार अभिमान होता.

कमिटीला दाखवायचं होतं तेव्हा तक्रारींचं पान रिकामं होतं. रिकामं पान दाखवलं तर माणसं मान हलवतात आणि विसरून जातात, हा माझा अनुभव. म्हणून मी नमुन्याच्या पाच तक्रारी लिहिल्या. रस्त्यावरचा दिवा लागत नाही, कुत्री फार झाली, कचऱ्याची गाडी येत नाही, देवळाचा भोंगा मोठा आहे. पाचवी पाण्याची हवी होती. डाव्या हातानं चिवडा खात मी उजव्या हातानं टाइप केलं: 'पाणी सोडणारे सुग्रीव सकाळी दारू पिऊन येतात. त्यामुळे चौथ्या गल्लीला पाणी उशिरा सुटते. – एक त्रस्त रहिवासी.'

अर्धं मिनिटसुद्धा लागलं नसेल. वाचून मला हसू आलं होतं, हेही सांगायला पाहिजे. तक्रार अगदी खरी वाटत होती.

कमिटीला ते आवडलं. पाडव्याला मारुतीच्या देवळापुढे मांडव घातला आणि आण्णांच्या हस्ते पोर्टल सुरू झालं. त्याच्या आदल्या दिवशी मी नमुन्याच्या तक्रारी काढून टाकल्या. 'सर्वसाधारण' या भागातल्या चारही गेल्या. पाचवी 'पाणी' या भागात होती. तो भाग मी उघडून बघितलाच नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी किती लोकांनी पोर्टल उघडलं ते बघायला मी बसले. पहिल्या पानावर लाल चौकट होती आणि चौकटीत माझं वाक्य होतं. खाली 'मलाही' तेवीस.

मला आधी कळेचना. मग लक्षात आलं. तेवीस घरांतल्या माणसांनी ते वाचलं होतं आणि बटण दाबलं होतं. पुसायला काहीच लागत नव्हतं, दोनदा क्लिक केलं की झालं. मी बोट नेलंही होतं. तेवढ्यात आण्णांचा फोन आला.

"बबिता, कमाल केलीस बग! लोकं बोलायला लागले. मी अकरा वर्सं इचारतोय, काई तरास हाय का, तर कुणी तोंड उघडंना. आन आता बग. येत्या आयतवारी परळीहून दोन कॉलन्यांची माणसं येनार हायेत हे बघायला. त्येंचं भी काम तुलाच."

"आण्णा," मी म्हणाले, "ती पाण्याची तक्रार..."

"तीच तर! सगळ्यात जास्त तिलाच हाय. चांगलं पकडलंय लोकांनी."

त्या क्षणी एक वाक्य बोलायचं होतं: ती मी लिहिली आहे, चुकून राहिली. पण तसं म्हटलं की पोर्टलवरची पहिलीच तक्रार खोटी निघाली, असं झालं असतं. आण्णांचं हसं झालं असतं, परळीचे लोक आल्या पावली परत गेले असते. मी "हो आण्णा" म्हणाले आणि फोन ठेवला. रविवार उरकला की काढून टाकू, असं स्वतःला सांगितलं. चार दिवसांनी काय बिघडतंय?

शनिवारी कमिटी बसली. मला बोलावलं नव्हतं. सुग्रीवमामांना बोलावलं होतं. त्यांना मोबाइलवर ते वाचून दाखवलं आणि चावी ठेवून घेतली.

हे मला रविवारी सगळ्यांदेखत कळलं. परळीचे चार जण खुर्च्यांवर बसले होते, मी लॅपटॉप लावून भिंतीवर पोर्टल दाखवत होते. लाल चौकटीपाशी आले तशी पटकन पुढे सरकवायला बघत होते. आण्णांनी थांबवलं. उभे राहून पाहुण्यांना म्हणाले, "ही बगा. एकेचाळीस लोकांची तक्रार. आमी कालच्या काल त्या मानसाला कामावरून काढलं. पोर्टल नुसतं दाखवायला न्हाई आमचं. बबिता, दाब ते हिरवं."

मी दाबलं. लाल चौकट हिरवी झाली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, कमिटीनं वाजवल्या. माझे हात मोकळे होते. मीही वाजवल्या.

हे लिहिताना आजही कान तापतात. चूक म्हणावी असं पहिल्या दिवशी जे होतं, ते त्या टाळीनंतर नुसतं चूक राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात पावलं वाजली. मामा आधी कधी वर आलेले नव्हते. दारातच थांबले. टोपी हातात होती.

"पोरी, कामात हायस का?"

"या ना मामा. बसा."

ते बसले नाहीत. "तुला त्या मशिनीतलं कळतं म्हनून आलतो. कमिटीनं मला वाचून दाखिवलं. कुणी लिव्हलंय तेवडं बघून सांग. मला भांडायचं न्हाई. मी त्येच्या घरी जाऊन हात जोडून इचारतो, बाबा, मला कुठं पेताना बघितलंस?"

लॅपटॉप समोरच उघडा होता. मी त्यावर काहीतरी दाबल्यासारखं केलं.

"नाव दिसत नाही मामा. तसं बनवलेलंच नाही ते."

"तुला भी दिसत न्हाई?"

"नाही."

त्यांनी टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग हळूच म्हणाले, "मी लई इचार केला. माघ महिन्यात खोकला झालता मला. सरकारी दवाखान्यातनं बाटली आनलती औषधाची. ती पेऊन यायचो सकाळी. त्येचा वास आला असंल का गं कुणाला?"

मी लॅपटॉपच्या पडद्याकडेच बघत राहिले.

"एकाला आला असता तर समजलो असतो. एकेचाळीस मानसं म्हंजे... वास येत असंल मंग." त्यांनी टोपी घातली. "औषध होतं ते. तेवडं कमिटीला सांगशील का? तुझं ऐकतेत."

ते जिना उतरून गेले. मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. ते गेल्यावर मी ती तक्रार पुसली. संध्याकाळी किराणा दुकानात गेले तर दोन बायका त्यावरच बोलत होत्या. एक म्हणाली, "दिसायला किती साधा होता, नाही?" मी तेलाची पिशवी घेतली आणि मान खाली घालून निघाले.

आठ दिवस मी काहीच केलं नाही. कामात होते असं म्हणता येणार नाही, कारण काम होत नव्हतं. नवा माणूस पाणी सोडायला येऊ लागला. त्याला वरच्या मजल्याचं काय माहीत? माझा ड्रम रिकामा राहायचा. तळमजल्यावरून बादल्या वर नेताना दर पायरीला मामा आठवायचे आणि आपल्याला हे असंच व्हायला पाहिजे असं वाटायचं.

मग मी गावाला गेले. आबा मेंढरं घेऊन डोंगराच्या उतारावर होते. त्यांच्याजवळ दगडावर बसून मी सगळं सांगितलं. पोर्टल म्हणजे काय ते त्यांना समजावून सांगावं लागलं, आणि तसं समजावताना आपण केलं ते किती सोपं आणि किती घाण आहे, हे मलाच नव्यानं कळत गेलं. आबांची नजर मेंढरांवर होती. शेवटी म्हणाले, "त्यो मानूस कुठं राहतो?"

"घाटनांदूर रोडला. कॉलनीच्या म्होरं दोन किलोमीटर."

"मंग तू हिकडं कावून आलीस?"

एवढंच बोलून ते उठले आणि कळपातून लांब गेलेलं एक मेंढरू हाकलायला गेले. मी दुपारच्या बसनं परत निघाले.

मामांचं घर रस्त्यापासून आत, पत्र्याचं. दारात त्यांची बायको मनकर्णामावशी ज्वारी पाखडत होत्या. मला त्यांनी ओळखलं नाही. मामा बाजेवर बसले होते. मला बघून उठले, बायकोला म्हणाले, "धारूरच्या हरिबाची लेक. पानी आन तिला."

"पाणी नको मामा," मी म्हणाले. बसले तर बोलणं होणार नाही अशी भीती वाटली, म्हणून उभ्यानंच सांगितलं. "ती तक्रार मी लिहिली होती. कुणीच केली नव्हती. कमिटीला दाखवायला खोटी लिहिली होती आणि काढायची राहिली. तुम्ही विचारायला आलात तेव्हाही मी खोटं बोलले."

सुपाचा आवाज थांबला.

मामांना पहिल्यांदा नीट समजलं नाही. मी पुन्हा सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग येईल असं वाटलं होतं. आधी आला तो सुटल्यासारखा भाव. "म्हंजे वास येत नव्हता," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून विचारलं, "पन माझंच नाव कावून घातलंस?"

या प्रश्नाचं उत्तर मी वाटेत बसमध्ये शोधलं होतं. सापडलं ते इतकं क्षुद्र होतं की सांगायची लाज वाटत होती.

"कॉलनीत काम करणाऱ्यांपैकी मला तुमचं एकट्याचंच नाव माहीत होतं."

मनकर्णामावशी उठून उभ्या राहिल्या. "वळख होती म्हनून घातलंस? वळखीचं हे असं करतेत का?" त्यांचा आवाज चढला. "धर्मापुरीला माझ्या लेकीच्या सासरी गेलंय हे. तिची नणंद राहती तुमच्या कॉलनीत. सासू म्हनली, तुझा बाप पेतो ते कावून लपिवलं आमच्यापासून. हा मानूस भजनाला जाईना झालाय. दारातनं भाइर पडंना. आन तू येऊन उभ्या उभ्या सांगून जानार?"

"मी पोर्टलवर माफी लिहिते मावशी. सगळ्यांना दिसेल अशी."

"लिव्हून न्हाई. लिव्हूनच झालंय हे. घरोघर जाऊन तोंडानं सांग. धर्मापुरीला भी सांग."

मामा म्हणाले, "राहू दे. लेकरू हाय." त्यावर मावशी म्हणाल्या, "लेकरू न्हाई ती."

त्या संध्याकाळी मी कमिटीसमोर गेले. देवळाच्या ओट्यावर सात-आठ जण होते. मी सांगितलं. आण्णांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाले, "बरं, लिव्हली तू. मानलं. आन ते एकेचाळीस लोकं? ते भी तूच दाबलं का?"

"नाही."

"मंग? आग न्हाई तर धूर निघतो का?" आण्णा आजूबाजूला बघत म्हणाले. "बद्रीनाथराव, तुमी दाबलं होतं ना?"

बद्रीनाथराव पोस्टातून निवृत्त झालेले, सरळ माणूस. ते अवघडले. "दाबलं होतं. आमच्या गल्लीला पाणी उशिरा येत होतं म्हणून दाबलं. दारूचं... ते मी नीट वाचलंच नव्हतं. सगळ्यांनी दाबलेलं दिसलं."

"त्यांना कधी प्यालेलं बघितलंत का?" मी विचारलं.

"नाही बा."

"कुणी बघितलं का?" मी सगळ्यांकडे बघून विचारलं. एक जण चपलेच्या टोकानं माती उकरत होता. तरी कुणीही म्हणालं नाही की माणसाला परत बोलवा. आण्णांनी नवा माणूस ठेवला होता, तो त्यांच्याच शेतावरचा. "झालं ते झालं," ते म्हणाले. "आता हे गावभर करू नकोस. परळीवाल्यांच्या कानावर गेलं तर तुझंच नुकसान हाय."

मी त्याच दिवशी पोर्टलच्या पहिल्या पानावर लिहिलं. लाल चौकटीच्याच जागी, माझ्या पूर्ण नावानं. दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णांनी पासवर्ड मागून घेतला आणि दुपारपर्यंत ती माफी पानावरून गेलेली होती. परळीचं काम आलं नाही.

घरोघर जायला मला चार दिवस लागले. पहिल्या घराच्या फाटकाला हात लावायलाच अर्धा तास गेला. काय म्हणून सांगायचं? मी कोण, हेच निम्म्या लोकांना माहीत नव्हतं. "मी बबिता, कॉलनीचं पोर्टल मी बनवलं. सुग्रीवमामा दारू पितात असं जे आलं होतं ते खोटं होतं. मी लिहिलं होतं." एवढी तीन वाक्यं. काहींनी दार अर्धंच उघडून ऐकलं. काहींना वाटलं मी काही विकायला आले आहे. पाचव्या गल्लीत एक गृहस्थ म्हणाले, "जाऊ द्या ना ताई, तुम्ही कशाला एवढं मनाला लावून घेता?" आणि मला चहा विचारला. त्या चांगुलपणानं मला सगळ्यात जास्त मेल्यासारखं झालं. सहाव्या गल्लीत केशरबाई नावाच्या म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग आता पानी येळेवर येनार का?"

विजयमालाबाईंकडे गेले तेव्हा त्या यजमानांना भरवत होत्या. वाटी खाली ठेवून त्यांनी ऐकलं. मग म्हणाल्या, "मला माहीत होतं ते पीत नाहीत. अकरा वर्षं माझ्या दारात उभे राहिलेत ते. मला कळणार नाही का? माझ्या मुलानं मोबाइल दाखवला तेव्हा मी म्हटलंसुद्धा, हे खोटं आहे."

"मग तुम्ही कमिटीला..."

"नाही सांगितलं," त्या म्हणाल्या आणि पुन्हा वाटी हातात घेतली. "एवढ्या लोकांनी लिहिलंय म्हटल्यावर मी एकटी कशाला बोलू, असं झालं." त्यांच्या आवाजात माझ्यासारखंच काहीतरी होतं. आम्ही दोघी एकमेकींकडे बघू शकलो नाही.

धर्मापुरीलाही जाऊन आले. मामांच्या लेकीच्या सासूनं मला ओसरीवर बसवलं, सगळं ऐकलं आणि आत बघून सुनेला हाक मारली. "हे बग काय म्हनती ही." ती बाहेर आली. माझ्याच वयाची असेल. तिनं मला काही विचारलं नाही. सासूला म्हणाली, "मी आधीच सांगितलं होतं." आणि आत गेली. आत भांडी जरा जोरात वाजत होती.

दीड महिन्यानं कॉलनीत नव्या माणसाचं आणि लोकांचं वाजलं. तो दोन-दोन दिवस यायचाच नाही. एकदा रात्रभर वॉल उघडा राहिला आणि टाकी रिकामी झाली. तेव्हा कुणाला तरी सुग्रीवमामा आठवले. बद्रीनाथराव आणि आणखी एक जण त्यांना बोलवायला गेले. मला म्हणाले, तूही चल. मी गेले, पण लांब रस्त्यावर उभी राहिले. आतलं बोलणं मला नंतर त्या दुसऱ्या माणसानं सांगितलं.

बद्रीनाथरावांनी हात जोडले. मामांनी त्यांना बाजेवर बसवलं, मावशींनी चहा दिला. मामा शांतपणे म्हणाले, "आमचा राग न्हाई सायेब. पन मी न्हाई येत."

"कमिटीचं चुकलं मामा. सगळ्यांना कळलंय आता."

"ते खरं हाय. पन ती एकेचाळीस घरं कोनती, ते मला ठाव न्हाई. मंग मला एकशे बारा घरांम्होरून खाली बघून जावं लागंल. आता या वयात कशाला?"

बद्रीनाथराव त्या एकेचाळिसांतले होते. ते चहा अर्धा ठेवून उठले.

मामा आता घाटनांदूरला एका मंगल कार्यालयात बागेचं आणि पाण्याचं बघतात, असं ऐकलं. भजनाला पुन्हा जायला लागले, हेही ऐकलं. पोर्टल अजून आहे. दुसरं कुणीतरी ते सांभाळतं. 'मलाही'चं बटण तसंच आहे.

मी कॉलनी सोडली, बसस्टँडजवळ खोली घेतली. काम करतेच आहे, दुसरं काही येत नाही मला. अहमदपूरला एका पतसंस्थेचं काम आहे, त्यासाठी पंधरवड्यातून एकदा जावं लागतं. बस घाटनांदूरवरून जाते, ते मंगल कार्यालय रस्त्याला लागूनच आहे. उतरून भेटावं असं दर वेळी घरून निघताना ठरवते. अजून उतरलेली नाही. घाटनांदूर जवळ आलं की मी पलीकडच्या खिडकीकडे तोंड करून बसते.